तू सांगेपर्यंत

मंदारचा फोन आला तेव्हा वहिनी कबुतरं हाकलत होती.

कादिझच्या बंदरावर जहाज लागतं ते जवळजवळ गावाच्या उंबऱ्यातच. फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर मोठा चौक, दोन्ही बाजूंना माडासारखी उंच झाडं आणि मागे नगरपालिकेची पांढरी इमारत. त्या चौकातल्या एका बाकावर आम्ही टेकलो होतो. वहिनीने जहाजावरच्या नाश्त्यातला पाव रुमालात बांधून आणला होता आणि त्याचा सुगावा कबुतरांना लागला होता. "हुश्श, हुश्श, मेल्यांनो, व्हा तिकडे," असं ती स्पेनच्या कबुतरांना अस्सल रत्नागिरीच्या आवाजात दटावत होती. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी तिच्याकडे बघून हसत होती.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. परदेशात चालणारं कार्ड माझ्याच फोनमध्ये होतं, त्यामुळे घरचा रोजचा फोन माझ्यावरच यायचा.

"मंदार असेल," वहिनी म्हणाली. "तू बोलून घे नि मग मला दे."

मी फोन कानाला लावला.

"आत्या, आई जवळ आहे?"

"आहे ना. देऊ?"

"नको. तू जरा लांब जा."

मी उठून कारंज्याच्या पलीकडे गेले. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून दुसरा कान हाताने झाकून घेतला.

"आत्या, बाबा गेले."

कारंज्याच्या कठड्यावर एक लहान मुलगी चालत होती आणि तिची आई तिचं बोट धरून खालून चालत होती. त्यांच्याकडे मी बघत राहिले.

"मी पेज भरवायला गेलो," मंदार सांगत होता. "तोंड उघडेनात. मला वाटलं, रुसलेत. मी म्हटलं, बाबा, आई येईपर्यंत मीच आहे, मुकाट्याने उघडा तोंड..." मग जरा सावरून तो म्हणाला, "डॉक्टर येऊन गेले. झोपेतच गेले म्हणाले. आत्या, वाडीतले लोक जमलेत. दिवस मावळायच्या आत नेऊ या म्हणतायत. नाहीतर हॉस्पिटलच्या शीतपेटीत ठेवायचं. तुम्ही उद्या लिस्बनला उतरणार, तिथून विमान, मग मुंबई, मग इथे. तीन दिवस तरी धर. आईला तोंड बघायचं असेल तर मी थांबवतो सगळं, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. तू तिला विचारून सांग. पण एकदम नको सांगूस. परक्या गावात आहात."

"विचारते," मी म्हटलं.

परत आले तेव्हा वहिनीने हात पुढे केलेला होता.

"दे."

"कट झाला. रेंज नाही इथे."

"काय म्हणाला?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"जेवले?"

"जेवले."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, पुढे केलेला हात मागे घेतला आणि पावाचा रुमाल पिशवीत नीट सारला. "चल मग," ती म्हणाली. "बसून काय करायचंय? चालायला आलोय ना आपण?"

चालायला आलोय हे खरं होतं. आमच्या सहलीतली बाकीची मंडळी सकाळीच बसमधून सेव्हिलला गेली होती. जाऊन येऊन अर्धा दिवस बसमध्येच जाणार होता. टूर मॅनेजरने वहिनीला परोपरीने समजावलं, पण ती हटली नाही. "बसायचं तर घरी काय वाईट होतं? मला चालायचंय," ती म्हणाली. तिच्या सोबतीला मी मागे राहिले. गाव लहान, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेलं, कुठूनही सुटलं तरी शेवटी पाण्यापाशीच पोचणार. हरवायची भीती नव्हती.

भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचा चेहराही आठवत नाही. वडील म्हणून आठवतो तो भाऊच. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप होतं. चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा ग्रीसच्या हातांनीच त्याने मला उचललं आणि वर्कशॉपभर नाचवलं. त्या फ्रॉकवरचे काळे डाग आईने घासघास घासले तरी निघाले नाहीत.

त्याला पक्षाघात होऊन अकरा वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला फक्त एक शब्द. इंजिन हट्टाला पेटलं की तो 'च्यायला' म्हणायचा, तेवढा तोंडात राहिला. भूक लागली तरी च्यायला, पाय दुखला तरी च्यायला, आणि मी भाऊबीजेला ओवाळायला गेले की डोळे भरून आणून च्यायला. कुठल्या च्यायलाचा काय अर्थ, ते एकट्या माणिकवहिनीला कळायचं. त्या अकरा वर्षांत ती एक रात्र घराबाहेर झोपली नव्हती. माहेरची लग्नं तिने फोनवर ऐकली. बाजारात जायची ती अर्धी धावत जायची आणि अर्धी धावत यायची. शेवटी मंदारने रजा काढली, पुण्याहून येऊन घरी ठाण मांडलं आणि आम्हा दोघींचं परस्पर बुकिंग करून टाकलं. वहिनी काही केल्या तयार होईना. तेव्हा भाऊने डावा हात उचलून दाराकडे बोट दाखवलं आणि जोरात म्हणाला, "च्यायला!"

"जा म्हणतायत," वहिनीने आम्हाला सांगितलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तर त्या माणसाची बायको माझ्या पुढे चालत होती आणि मला तिला सांगायचं होतं.

चौकातून आत शिरल्यावर गल्ल्या लागल्या. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील एवढ्याच रुंद. वर चार-चार मजले, काचेच्या बंद गॅलऱ्या, लोखंडी कठड्यांतून बाहेर डोकावणाऱ्या कुंड्या, आणि कुठून तरी लसूण तळल्याचा वास. वहिनी मान वर करून चालत होती. रोज घाईने चालणारी बाई, पण त्या दिवशी तिचा पाय सावकाश पडत होता. एका ओट्यावर तिने हात ठेवला, दगड उन्हाने तापलाय का बघितलं, मग पुढे गेली.

रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला. ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

एका देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या आल्या. तिथे सावली होती. मी म्हटलं, "वहिनी, जरा टेकू या का? मला तुझ्याशी थोडं..."

"आत्ताच तर बसलो होतो की," ती म्हणाली. "ते बघ, ती बाई वरून दोरीला टोपली बांधून खाली सोडतेय. आपल्या गिरगावातल्या आत्याबाई अशीच सोडायच्या बघ, भाजीवाल्यासाठी." आणि ती पुढे निघालीसुद्धा.

पुढच्या वळणावर टोप्यांचं दुकान होतं. बाहेर खुंट्यांना गवताच्या, कापडाच्या टोप्या टांगलेल्या. वहिनीने एक करडी कापडी टोपी काढली, आतून अस्तर चाचपलं.

"यांना घेऊ?"

बार्सिलोनाला ती भाऊसाठी मफलर बघत होती तेव्हा मीच तिला बोलले होते की, अगं, त्याला कुठे बाहेर पडायचंय, कशाला उगाच ओझं. आज मी पटकन म्हटलं, "घे ना. छान दिसेल त्याला."

आणि दुकानाच्या काचेकडे तोंड फिरवलं. काचेत मला माझा चेहरा दिसला, आणि माझ्या खांद्यामागे वहिनीचा. ती टोपीकडे बघत नव्हती.

"नको," ती म्हणाली आणि टोपी खुंटीला परत लावली. "घरात कुठे ऊन लागतंय त्यांना." थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "घरी किती वाजले असतील आता?"

"तीन वाजत आले असतील."

"हं."

रोज दर तासाला ती हे विचारायची. भाऊच्या गोळ्यांची वेळ, कूस बदलायची वेळ, चहाची वेळ. मला वाटलं, तेच.

गावाच्या मधोमध मासळीबाजार होता. आत शिरल्याबरोबर वहिनी घरी आल्यासारखी मोकळी झाली. संगमरवरी ओट्यांवर बर्फ पसरलेला, त्यावर मासळी रचून ठेवलेली. ती एकेका ओट्यापाशी थांबून नावं घेत होती. हा कुपा, बघ केवढा आहे, दोन माणसांना उचलणार नाही. ही माकुलं. ही चक्क मुशी. कल्ले उघडून बघायला तिचे हात शिवशिवत होते. एका कोळणीने, तिकडेही बायाच होत्या बऱ्याच ओट्यांवर, तिला काहीतरी विचारलं. वहिनी मराठीत म्हणाली, "घ्यायचं नाहीये बाई, नुसती बघतेय. ताजी आहे हो मासळी तुमची." त्या बाईला कळलं असावं, कारण तिने मान डोलावली आणि एक कोलंबी उचलून वहिनीच्या हातावर ठेवली. वहिनीने ती हुंगली आणि हसून परत दिली.

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. मी खांबाआड गेले.

"विचारलंस?" मंदारचा आवाज बसला होता.

"नाही रे. जमलं नाही अजून."

"आत्या, लोक उन्हातान्हाचे उभे आहेत. सगळं आणून ठेवलंय. मी काय सांगू त्यांना?"

खांबाआडून मला वहिनी दिसत होती. दोन्ही हात मागे बांधून ती त्या प्रचंड कुप्यासमोर उभी होती. बाजारभर गलका होता, बर्फाचं पाणी फरशीवरून वाहत होतं.

"अर्धा तास दे," मी म्हटलं.

बाजाराबाहेर एका दुकानात तळलेले मासे कागदाच्या पुड्यात घालून देत होते. उभ्याउभ्या खायला उंच गोल टेबलं होती. वहिनीने बोटाने दाखवून दोन पुडे घेतले. तिथली छोटी मासळी पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली, थेट आपल्या मांदेलीसारखी. मी समोर उभी राहिले आणि मनाचा हिय्या केला.

"वहिनी, ऐक. मंदारचा मघाशी..."

"त्याला लावू नंतर फोन. आधी खा. निवले की चामट होतात." आणि तिने एक तुकडा उचलून सरळ माझ्या तोंडात घातला, जशी लहानपणी घालायची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. शाळेतून आले की ती तव्यावरचा पहिला मासा मला असाच भरवायची, आईच्या नकळत.

तो तुकडा मला गिळवेना. तोंडात तसाच घोळवत मी खाली बघत राहिले. ती खात होती. एक, मग दुसरा, मग बोटं चाटून तिसरा. "मीठ बेताचं आहे," ती म्हणाली. "आणि लिंबू पाहिजे होतं." कितीतरी वर्षांत मी तिला असं शांतपणे, दाराकडे कान न लावता खाताना बघितलं नव्हतं. आपण हे तिच्या हातातून काढून घ्यायचं? आणि काढून घेऊन द्यायचं काय? तर एक प्रश्न, ज्याचं कुठलंही उत्तर दिलं तरी ते तिला जन्मभर टोचणार.

पाणी आणायच्या निमित्ताने मी आत गेले आणि मंदारला फोन लावला.

"घेऊन जा," मी म्हटलं.

"आई हो म्हणाली?"

"मी सांगतेय. तू घेऊन जा त्याला."

मग तो म्हणाला, "बरं." मागे बायकांचा आवाज येत होता. त्यात कोणीतरी भाऊचं नाव घेऊन रडत होतं. मी फोन बंद केला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि बाहेर आले.

तिथून पश्चिमेकडे चालत गेलं की गावातलंच एक लहानसं पुळण लागतं. दोन टोकांना दोन किल्ले आणि मधे अर्धचंद्रासारखी वाळू. छोट्या रंगीत होड्या ओहोटीच्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. वहिनीने चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी घोट्याच्या वर खोचली आणि पाण्यात शिरली. मी वाळूतच उभी राहिले.

"घरी किती वाजले?" तिने तिथूनच ओरडून विचारलं.

"सहा!"

ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे तोंड गावाकडे, पूर्वेकडे. मग वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि बोटांतून हळूहळू खाली सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदाही. आपल्याकडची माणसं पाण्यात उतरली की असं काही ना काही करतातच. मला त्यात काही वाटलं नाही. मी तिच्या चपला छातीशी धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वाडीतून खाली उतरणारा रस्ता होता. त्या रस्त्यावर आत्ता लोक चालत असतील. सगळ्यांत पुढे मंदार. मी बहीण असून माझा हात लागला नव्हता त्याला.

बराच वेळ ती पाण्यातच होती. बाहेर आली तेव्हा ओल्या पायांना वाळू चिकटली होती. ती पुसायच्या भरीस न पडता तिने चपला घातल्या.

"आता समुद्राच्या कडेकडेनेच जाऊ," ती म्हणाली.

गावाच्या दक्षिण अंगाने समुद्राला लागून लांबच लांब भिंत आहे. भिंतीखाली मोठे चौकोनी दगड टाकलेले, त्यांवर लाटा आपटत होत्या. डाव्या हाताला घरं, पिवळी, गुलाबी, खारं वारं लागून पोपडे निघालेली. लांबवर मोठ्या चर्चचा पिवळा घुमट उन्हात चमकत होता. तिथपर्यंत पोचलो की जहाज जवळच. निम्म्या वाटेवर वहिनी थांबली आणि भिंतीच्या कट्ट्यावर बसली. मीही तिच्याजवळ बसले.

फोन थरथरला. मंदारचा मेसेज होता. मी वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.

"झालं?" वहिनीने विचारलं.

ती समुद्राकडेच बघत होती.

"काय झालं?"

"सगळं. नेलं ना त्यांना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता, फक्त ओठ कोरडे पडले होते.

"हो," मी म्हटलं. मग कसंबसं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चौकातच. मंदारचा फोन आला नि तू मला दिला नाहीस. निघाल्यापासून एक दिवस असा गेला नाही, की त्यांच्या तोंडचं च्यायला ऐकवल्याशिवाय त्याने फोन ठेवला. आणि नंतर तू माझा हात धरलास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी सांगणार होते, वहिनी. दोनदा..."

"ठाऊक आहे. मीच सांगू दिलं नाही तुला."

दोन म्हातारे नवरा-बायको एकमेकांच्या हातात हात घालून आमच्यासमोरून गेले. ते लांब जाईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग बोलायला लागली, अगदी हळू.

"तू सांगितलं असतंस तर पुढचं विचारलंही असतंस. मी येईपर्यंत ठेवायचं का म्हणून. मंदारने विचारलंच असणार, माझा मुलगा आहे तो. आणि मी ठेवा म्हटलं असतं. निमा, माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नसतं. ठेवा, मला बघू दे, असंच म्हटलं असतं मी. मग त्यांना त्या गारठ्यात घातलं असतं, पेटीत. तीन दिवस. अकरा वर्षं एका खोलीत कोंडून होते गो. वर आणखी पेटीत कोंडायचं? कशासाठी, तर मला बघायला मिळावं म्हणून? कुणी विचारलंच नाही तर मला काही म्हणावं लागणार नव्हतं."

तिने साडीचा ओला काठ झटकला.

"आणि दुसरं सांगू? तू सांगेपर्यंत ते होते. मला कळलेलं होतं, तरी होते. मी चालत होते आणि ते घरी होते. तिकडे नेईपर्यंत तरी तेवढं असू दे म्हटलं."

खाली लाट आपटली आणि थोडे तुषार आमच्या पायांवर आले. वहिनीने पदराने तोंड पुसलं.

"मासे खाल्ले मी," ती म्हणाली. "नको म्हटलं असतं तर तुला संशय आला असता. म्हटलं, दाखवण्यापुरते दोन तोंडात टाकू." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "चव लागली गो मला. ते तिकडे पडलेले, आणि मला मीठ कमी की जास्त ते कळत होतं."

"वहिनी, पुरे आता."

"नाही, एक राहिलं. तुलाही तोंड बघायचं असेल ना? सख्खा भाऊ तुझा. तुला बापासारखा. मी माझाच विचार करत बसले, तुझा केलाच नाही. आत्ता चालताना डोक्यात आलं, नि मग पुढे चालवेचना."

नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. मी मान खाली घातली. वहिनीने माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"रड आता," ती म्हणाली. "सकाळपासून आवंढे गिळतेयस. माझ्यासाठी थांबू नको."

मग मी रडले. भर रस्त्यात, परक्या गावात, साठीची बाई मी, मोठ्याने रडले. भाऊ, भाऊ, एवढंच तोंडातून येत होतं. येणारी-जाणारी माणसं थबकत होती. काळ्या कपड्यांतली एक बाई जवळ आली आणि वाकून तिच्या भाषेत काहीतरी विचारायला लागली. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत तिला मराठीत म्हणाली, "भाऊ गेला हो हिचा."

माझा नवरा गेला, असं नाही म्हणाली ती. त्या बाईने माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, वहिनीकडे बघून मान हलवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी लिस्बनला आम्ही उतरलो. टूर मॅनेजरने धावपळ करून विमानाची व्यवस्था केली होती. सहलीतल्या बायका वहिनीभोवती जमल्या, कोणी कोणी रडल्याही. ती सगळ्यांना हात जोडून, "तुमची सहल मोडू नका," असं सांगत होती. विमानात ती खिडकीशी बसून राहिली. जेवण आलं ते तिने परत पाठवलं. मुंबईहून गाडीने निघालो तेव्हा पहाट होती. घाट उतरताना तिने एकदाच माझा हात घट्ट धरला. पण या सगळ्यात तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, आणि त्याची मला भीती वाटायला लागली होती.

मंदार अंगणात उभा होता. डोक्यावर केस नव्हते, तेवढ्या दिवसांत वाळला होता. वहिनीने त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आई, मी..." असं काहीतरी तो म्हणत होता. "तू सगळं नीट केलंस," ती म्हणाली. "उन्हात उभा राहू नको."

ओटीवर वाडीतल्या बायका बसल्या होत्या. वहिनी आली की हंबरडा फोडेल, तिला धरावं लागेल, अशा तयारीने दोघीतिघी उठून उभ्याही राहिल्या. ती कोणाकडे न बघता आत गेली, भाऊच्या खोलीच्या दाराशी. मी मागोमाग होते.

खोली रिकामी होती. मंदारच्या बायकोने आधीच सगळं आवरलं होतं. हॉस्पिटलसारखा तो लोखंडी पलंग, सलाइनचा स्टँड, खुर्ची, काही म्हणता काही नव्हतं. फरशी पुसून लख्ख केलेली, खिडकी सताड उघडी, आणि एका कोपऱ्यात समई जळत होती. वहिनीने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. त्या खोलीत पलंग होता तेव्हा भिंत आणि पलंग यांच्यामधे जेमतेम एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढीच वाट असायची. सगळी खोली मोकळी पडलेली असताना ती तशीच अंग आडवं करून उभी राहिली. पोट आत ओढून, पाठ भिंतीला घासत, एकेक पाऊल सरकवत ती खिडकीकडे जायला लागली.

दारातल्या बायका नुसत्या बघत राहिल्या. मंदार पुढे झाला, त्याला मी हाताने अडवलं.

निम्म्यात पोचल्यावर वहिनीने सवयीने हात पुढे केला, उशी सारखी करायला. हात मोकळ्या हवेतून खाली आला. तिने त्या हाताकडे बघितलं, मग समोरच्या रिकाम्या फरशीकडे बघितलं, आणि भिंतीला टेकूनच ती हळूहळू खाली बसली.

"अहो," तिने हाक मारली. आणि मग ती रडायला लागली.